वाचनाने नेमके काय वाचते?

(द्वितीय वर्ष कला)

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. प्राथमिक शाळेच्या भिंतीवर ती असते, गावच्या वाचनालयात असते, आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या दारावरही आहे. वक्तृत्व स्पर्धेत वाचन हा विषय निघाला की निम्मी भाषणे या वाक्याने सुरू होतात आणि उरलेली या वाक्याने संपतात. परंतु वाचल्याने नेमके काय वाचते आणि कसे वाचते? ज्याच्या घरी रोजच्या भाकरीचा हिशोब करावा लागतो, त्याने वाचनासाठी वेळ का काढावा? याचा विचार फारसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता नुसत्या चर्चेचा नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला, वडील चौथीपर्यंत शिकले, आईला अक्षरओळख नाही. आमचे गाव आटपाडी तालुक्यात, म्हणजे माणदेशच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. या भागातील शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पाऊस नाही म्हणून माणसे बाहेर पडली, भट्टीपुढे बसली आणि त्यांनी मागे गावाकडे घरे उभी केली. या धंद्याचे आमच्या भागावर मोठे उपकार आहेत. त्यामुळे दहावी झाली की मुलाने एखाद्या नातेवाइकाच्या गलाईच्या दुकानात जायचे, ही आमच्याकडची रूढ वाट आहे. माझे चुलते तमिळनाडूत याच धंद्यात आहेत आणि माझ्यासाठी त्यांनी जागा ठेवलेली आहे. पदवीची परीक्षा होईपर्यंत थांबायचे, असे घरात ठरले आहे. पुढच्या वर्षी ती मुदत संपेल.

वडील मला पुस्तक घेऊन बसलेला पाहतात तेव्हा कधी कधी विचारतात, “एवढी पुस्तकं वाचून फुडं काय करणार हायस?” त्यांच्या विचारण्यात राग नसतो, काळजी असते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘वाचाल तर वाचाल’ हे उत्तर पुरेसे नाही. वाचनाच्या आवडीने माणूस घडतो म्हणजे काय होते, आणि त्याचा पोटापाण्याशी काय संबंध, हे नीट मांडून दाखवले पाहिजे.

अभ्यासिका आणि ग्रंथालय

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अलीकडे लहान लहान गावांतसुद्धा अभ्यासिका निघाल्या आहेत. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत मुले-मुली बसलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी चालते. मीही अशा अभ्यासिकेत बसलेलो आहे. तेथील शांतता आणि मुलांची जिद्द पाहून कोणालाही आदर वाटावा. परंतु त्याच इमारतीत शेजारच्या खोलीत वाचनालय असेल तर तेथील कपाटांची कुलपे क्वचितच निघतात. अभ्यासिका भरलेली आणि ग्रंथालय रिकामे, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते.

याचे कारण उघड आहे. परीक्षेसाठीचे वाचन हे गरजेचे वाचन आहे. त्यात काय वाचायचे हे दुसऱ्याने ठरवलेले असते, प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर चार पर्यायांपैकी एक असते. आवडीच्या वाचनात मात्र प्रश्न वाचणाऱ्याचा स्वतःचा असतो. पहिल्या प्रकारचे वाचन परीक्षा झाली की संपते. दुसऱ्या प्रकारचे वाचन एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे नेत राहते. पहिले कमी दर्जाचे आणि दुसरे श्रेष्ठ, असे मला मुळीच म्हणायचे नाही. भूक असलेल्या माणसाला परीक्षा द्यावीच लागते. परंतु दुसरे वाचन सोडून दिले की पहिलेही लंगडे पडते, असे माझे मत आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीने घेण्याचे ठरवले, तेव्हा अनेक उमेदवार धास्तावले. पर्यायांवर खूण करण्याची सवय झालेल्या हाताला पानभर निबंध लिहायचा होता. निबंध काही एका महिन्यात पाठ होत नाही. वर्षानुवर्षे जे आवडीने वाचले असेल, तेच अशा वेळी लेखणीत उतरते.

तीन वाचक

वाचनाने आयुष्याला दिशा कशी मिळते हे समजून घेण्यासाठी तीन माणसांची उदाहरणे पाहू. तिघांच्याही आयुष्यात वाचनाने वेगवेगळे काम केले, म्हणून ती निवडली आहेत.

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांच्या अफाट वाचनाविषयी आपण ऐकलेले असते, परंतु त्या वाचनाच्या आरंभी एक शिक्षक उभे होते हे आपण विसरतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर या गुरुजींनी मुंबईच्या चर्नी रोड बागेत एकटाच वाचत बसणारा एक विद्यार्थी हेरला आणि त्याची चौकशी केली. १९०७ साली तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याच्या मागे किती तरी कारणे आणि किती तरी वर्षांचा अभ्यास होता. पण बुद्धाशी झालेली ती पहिली मोठी ओळख एका भेट मिळालेल्या पुस्तकातून झाली होती. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमवली. १९१७ मध्ये परत येताना सामानाबरोबर वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके युद्धाच्या धामधुमीत समुद्रात बुडाली. दुसरा एखादा तेथेच खचला असता. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले आणि दादरला ‘राजगृह’ बांधताना घरात ग्रंथांसाठी ऐसपैस जागा ठेवली. येथे वाचन हे पदवीचे साधन होतेच, पण त्याहून अधिक म्हणजे ते लढाईचे हत्यार होते. ज्या धर्मग्रंथांच्या आधारे समाजाला खाली ठेवले गेले, ते ग्रंथ स्वतः वाचून त्यांना उत्तर द्यायचे होते.

दुसरे उदाहरण आमच्याच सांगली जिल्ह्यातील. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगावी झाला. त्यांची शाळा अवघी दीड दिवसाची होती असे सांगतात. वडिलांबरोबर ते पायी मुंबईला गेले, पडेल ते काम केले आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे यांवरून अक्षरे जुळवत वाचायला शिकले. त्याच माणसाने ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. अण्णा भाऊंच्या उदाहरणावरून शाळेची गरज नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्यांना शाळा नाकारली गेली त्यांच्यापैकी किती जणांच्या हाती लेखणी आलीच नाही, याची नोंद कोठेच नाही. त्यांच्या उदाहरणावरून एवढेच दिसते की, वाचनाची ओढ खरी असेल तर रस्त्यावरची पाटीसुद्धा पुस्तक होते.

तिसरे उदाहरण थोडे वेगळे आहे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांची ग्रंथपाल म्हणून नेमणूक केली. या कामाचे शिक्षण त्यांना नव्हते आणि गोडीही नव्हती. शांत खोलीत एकट्याने बसून राहण्याचा त्यांना काही दिवसांतच इतका कंटाळा आला की, मला परत शिकवायला पाठवा, अशी विनंती त्यांनी केली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग पाहू, असे ठरले. इंग्लंडमध्ये त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. तेथे सामान्य कामगार आणि लहान मुलेसुद्धा पुस्तके नेताना दिसली. ग्रंथालय ही केवळ पंडितांची जागा नसून सर्व समाजाची जागा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. सुट्या पट्ट्या जोडून हवी ती वस्तू करता येते, तसे विषयांचे सुटे घटक जोडून पुस्तकाला क्रमांक देता येईल, ही कल्पना त्यांना तेथे सुचली आणि त्यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण जगापुढे आले. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले होते. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ फुकट जाता कामा नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहिले पाहिजे, असा त्यांचा थोडक्यात आशय आहे. आज १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

बाबासाहेबांना वाचनाने हत्यार दिले, अण्णा भाऊंना आवाज दिला आणि रंगनाथनांना आयुष्यभराचे काम दिले. यांपैकी एकानेही सुरुवातीला ‘मला अमुक व्हायचे आहे’ असे ठरवून पहिले पुस्तक उघडले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाचन आधी आले. ध्येय वाचता वाचता स्पष्ट होत गेले.

घरातील वडीलधारा

मोठ्यांची चरित्रे सांगितली की, ते मोठेच होते, आपले काय, असा विचार मनात येतो. म्हणून आता माझ्यासारख्या सामान्य विद्यार्थ्याच्या अनुभवाकडे वळतो.

शिकलेल्या घरातील मुलाला काही गोष्टी न विचारता कळतात. बारावीनंतर कोणत्या शाखा असतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, प्राध्यापकांशी काय बोलायचे, हे त्याला जेवताना कानावर पडते. आमच्या घरी जेवताना जनावरांचा चारा आणि विहिरीचे पाणी यांवर बोलणे होते. त्या बोलण्यालाही मोल आहेच, पण त्यातून बाहेरच्या जगाचा नकाशा मिळत नाही. ज्याच्या घरी शिकलेला मोठा भाऊ नाही, त्याचा मोठा भाऊ पुस्तक होते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आमच्या गावात एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक गेली काही वर्षे सार्वजनिक वाचनालय चालवतात. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत पाच कपाटे आणि एक लाकडी बाकडे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्याप्रमाणे शासनाचे अनुदान मिळते. आमचे वाचनालय शेवटच्या वर्गातले. अनुदान तुटपुंजे आणि वाचक मोजके. तरी ते गृहस्थ रोज संध्याकाळी कुलूप काढतात.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात चारा छावण्या लागल्या होत्या. वडील आणि मी दोन जनावरे घेऊन छावणीत मुक्कामाला होतो. शाळेला सुटी होती. तेव्हा वाचनालयाच्या काकांनी मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला दिली. ही कादंबरी १९५५ सालची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडीत हळूहळू रुजतो, सगळ्यांच्या मदतीने तालीम बांधतो आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस पडते, अशी तिची कथा आहे. माडगूळकर मूळचे आमच्याच आटपाडी तालुक्यातील माडगुळे गावचे. त्यांचे औपचारिक शिक्षण फार झालेले नव्हते, पण स्वतःच्या वाचनावर ते मराठीतील थोर कथाकार झाले आणि पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर त्यांनी अनेक वर्षे ग्रामीण विभागात काम केले.

रात्री छावणीत विजेच्या दिव्याखाली मी ती कादंबरी मोठ्याने वाचू लागलो. आधी वडील ऐकत होते, मग शेजारच्या दावणीची माणसे येऊन बसू लागली. एक म्हातारे धनगर बाबा मध्येच म्हणाले, “ह्यो लिवणारा आपल्याकडचाच हाय का रं? मेंढराचं बराबर ठावं हाय त्येला.” सर्व जण हसले. पुस्तक संपले त्या रात्री मात्र कोणी बोलले नाही. ज्या दुष्काळामुळे आम्ही तेथे बसलो होतो, तोच दुष्काळ शेवटच्या पानांत होता.

त्या दिवसांत मला जे कळले ते असे. पुस्तकात येणारी माणसे म्हणजे शहरातील, बंगल्यातील, चहा-बिस्किटे खाणारी माणसे, असा माझा समज होता. आमच्यासारखी माणसे, आमची बोली, आमची खुरटी झाडे आणि आमचा धुरळा यांनाही पुस्तकात जागा असते, हे प्रथमच दिसले. ज्याला आपले जगणे लिहिण्याजोगे वाटते, तो स्वतःला कमी लेखत नाही. व्यक्तिमत्त्वविकासाची मोठमोठी व्याख्याने होतात. माझ्या मते त्याचा पाया हाच आहे.

यापुढे वाचनाने मला आणखी तीन गोष्टी दिल्या.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द. अकरावीला तालुक्याच्या गावी आलो तेव्हा वर्गात उठून बोलताना बोली मध्ये येई आणि काही जण हसत. वाचनामुळे प्रमाण मराठी माझ्या अंगवळणी पडली. त्याबरोबर बोलीविषयीची लाजही गेली, कारण चांगल्या लेखकांनी तीच बोली मानाने लिहिलेली मी वाचली होती. आता मी वर्गात प्रमाण भाषेत बोलतो आणि घरी घरच्या भाषेत. दोन्ही माझ्याच आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटपर्यंत वाचण्याची चिकाटी. याचे एक साधे उदाहरण देतो. २०२२ च्या खरिपात आमची बाजरी पाण्यात गेली. वडिलांनी पीक विमा भरला होता, पण पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिले होते की, अशा नुकसानीची सूचना बहात्तर तासांच्या आत दिली पाहिजे. तीनशे पानांची कादंबरी वाचणाऱ्याला चार पानांचे पत्रक वाचायचा कंटाळा येत नाही. मी ते वाचले आणि सूचना वेळेत गेली. भरपाई थोडी मिळाली, पण मिळाली. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद वडील आधी माझ्या हातात देतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची सवय. कादंबरी वाचताना आपण काही तास दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. म्हातारा होतो, बाई होतो, दुसऱ्या जातीचा होतो. ती सवय लागली की माणसांवर चटकन शिक्के मारता येत नाहीत. वडिलांच्या प्रश्नामागची काळजी मला ऐकू येते, याचेही श्रेय मी वाचनालाच देतो.

वाचन आणि पोट

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. वाचनाने पोट भरते का? प्रामाणिक उत्तर असे की, नुसत्या वाचनाने पोट भरत नाही. पुष्कळ वाचलेली पण उपाशी राहिलेली माणसे आहेत आणि एकही पुस्तक न वाचता सुखी झालेली माणसे त्याहून जास्त आहेत. वाचनाच्या नादात हातचे काम सोडणारा, पुस्तकातील जगात रमून घरच्या अडचणींकडे पाठ फिरवणारा वाचक कोणाच्याच उपयोगाचा नाही. वाचन ही पळवाट होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु वाचनाचा उदरनिर्वाहाशी संबंध दुसऱ्या बाजूने येतो. माणूस जे पाहतो त्यातूनच निवड करतो. आमच्या गावातील मुलाला गलाई, पोलीस, शिक्षक आणि तलाठी एवढेच व्यवसाय डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून तो त्यांतून निवडतो. जगात अनुवादक असतात, मुद्रितशोधक असतात, कोशांत नोंदी लिहिणारे असतात, शासनाच्या भाषा संचालनालयात कायद्याची आणि कारभाराची मराठी घडवणारे असतात, नभोवाणीसाठी लिहिणारे असतात, हे त्याला कोण सांगणार? पुस्तकाच्या पहिल्या पानावर अनुवादकाचे नाव असते. ते नाव वाचताना, हेसुद्धा कोणाचे तरी काम आहे, असे मनात आले की एक नवी वाट दिसते. वाचन नोकरी देत नाही, पण काय मागायचे हे शिकवते. आणि ज्याला काय मागायचे ते ठाऊक आहे, त्याचे कष्ट भलतीकडे वाया जात नाहीत.

माझी वाट मला अशीच दिसली. महाविद्यालयात आल्यावर पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरील आकडे पाहून मला कुतूहल वाटले. मराठी साहित्याच्या पुस्तकांवर ८९१.४६ असा आकडा होता. ग्रंथपाल सरांना विचारले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, १८७६ साली मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. त्यांत आठशेचा वर्ग साहित्याचा, नऊशेचा इतिहास-भूगोलाचा, पाचशेचा विज्ञानाचा. त्या वर्गांचे पुन्हा उपविभाग पाडत गेले की प्रत्येक पुस्तकाला आपले घर मिळते. लाखो पुस्तकांतून नेमके एक पुस्तक दोन मिनिटांत हाती येते ते यामुळे. माझ्या चुलत्यांच्या दुकानात जुन्या दागिन्यांतून शुद्ध सोने वेगळे काढतात. ग्रंथपालाचे कामही मला तसेच वाटले. ढिगातून नेमके ते काढून ज्याचे त्याच्या हाती द्यायचे.

पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी घेता येते. त्यानंतर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात ग्रंथपाल होता येते. ही वाट सोपी आहे असे मी म्हणत नाही. जागा थोड्या निघतात आणि उमेदवार पुष्कळ असतात. गावच्या वाचनालयात काम करणाऱ्याला मिळणारे मानधन तर संसार चालण्याइतके नसते. हे सर्व मी वडिलांना सांगितले आहे, खर्चाचा आकडाही सांगितला आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. त्यांनी एकच विचारले, “ह्या कामाला मानूस लागतंय का पर?” मी म्हणालो, आपल्या वाचनालयाचे काका थकले आहेत, त्यांच्या मागे कुलूप काढायला कोणी नाही. ते यावर काही बोलले नाहीत. परंतु वर्षभरात मी नुसता वाचक आहे की वाचनातून काही उभे करू शकतो, हे मला दाखवावे लागणार आहे. ही जबाबदारी मला वाचनानेच दिली, असे मी समजतो.

आपण काय करू शकतो?

मराठी प्रांतात ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके फिरवली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपल्याला आनंद झालाच. परंतु भाषेला दर्जा सरकार देऊ शकते, वाचक देऊ शकत नाही. ते काम आपले आहे. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

एक, रोज वीस पाने वाचावीत. विषय आवडीचा असावा. वीस पाने म्हणजे अर्धा-पाऊण तास. दोनशे पानांचे पुस्तक दहा दिवसांत होते आणि वर्षाची छत्तीस पुस्तके होतात.

दोन, वाचनाची एक वही ठेवावी. पुस्तकाचे नाव, लेखक, आणि त्यातून मनात आलेला एक तरी प्रश्न लिहावा. उताराच्या उतारे उतरवून घेण्याची गरज नाही. प्रश्न लिहिला की पुढचे पुस्तक कोणते ते आपोआप कळते.

तीन, वाचलेले कोणाला तरी सांगावे, आणि शक्य असेल तर घरी मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांना वाचता येत नाही, पण ऐकता येते. त्यांच्या आयुष्याचा अनुभव आपल्या पुस्तकांपेक्षा मोठा आहे. त्यांनी ऐकता ऐकता केलेली टीका एखाद्या समीक्षकालाही विचार करायला लावील.

चार, मोबाइलला केवळ नावे ठेवत बसू नये. मराठी विश्वकोश मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विद्वानांनी वाई येथे बसून ज्या कामाचा पाया घातला, ते ज्ञान आज आपल्या खिशात आहे. ते उघडायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

पाच, ग्रंथालयात आठवड्यातून एक दिवस तरी मुक्तद्वार पद्धत असावी, म्हणजे विद्यार्थ्यांना स्वतः कपाटांमधून फिरून पुस्तके हाताळता यावीत, अशी माझी विनंती आहे. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागण्यासाठी आधी त्या पुस्तकाचे नाव ठाऊक असावे लागते. ज्याच्या घरी पुस्तकेच नाहीत त्याला ते कोठून ठाऊक असणार? त्याला पुस्तक हाती घेऊन, चार पाने चाळूनच त्याची ओळख करून घ्यावी लागते.

सहा, प्रत्येक प्राध्यापकांनी वर्षातून एकदा, अभ्यासक्रमाबाहेरचे, स्वतःला आवडलेले एक पुस्तक वर्गात घेऊन यावे आणि ते का आवडले ते सांगावे. केळुसकर गुरुजींनी एका विद्यार्थ्याला एक पुस्तक दिले होते. त्याचा परिणाम कोठवर जाईल हे त्या दिवशी त्यांनाही माहीत नव्हते. आपल्या वर्गातही मागच्या बाकावर एखादा मुलगा किंवा मुलगी अशा एका पुस्तकाची वाट पाहत बसलेली असेल.

वाचनाने नेमके काय वाचते, असा प्रश्न मी आरंभी विचारला होता. माझ्या अल्प बुद्धीला सापडलेले उत्तर असे आहे : जी वाट समोर दिसते तीच एकमेव आहे, या समजुतीपासून माणूस वाचतो. मग तो रूढ वाटेने गेला तरी हरकत नाही. मीही उद्या कदाचित गलाईच्या दुकानात बसेन. पण ती वाट निवडलेली असेल आणि सोबत पुस्तक असेल. ज्यांना माझ्यासारखी मुदत पडलेली आहे, अशा सर्व मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे की, हाती असलेले हे वर्ष-दोन वर्षे ग्रंथालयाचे कार्ड कोरे ठेवू नका.